आत्यांचा एकच फोटो

लग्न होऊन घरात आल्याला दोन महिने झाले, तरी सुनेचं सासऱ्यांकडे नीट लक्ष गेलं नव्हतं. ते गेलं एका सकाळी. चष्मा कपाळावर चढवून सासरे ओट्यावरच्या कोबीसमोर वाकले होते आणि हातातल्या कॅमेऱ्याशी पुटपुटत होते, "एक, दोन, तीन."

"बाबा, तो कोबी चिरायचाय मला."

"थांब गं, आत्ता कुठे उजेड जमलाय!"

सासऱ्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. मुलाने टाकून दिलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर त्यांनी एक जुनी लेन्स बसवली होती, वयाने त्यांच्याहून थोडीच धाकटी. कॅमेरा तिला ओळख म्हणून दाखवत नसे, त्यामुळे सगळं हातानेच. आधी लेन्सचं छिद्र पूर्ण उघडायचं, म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांना स्वच्छ दिसतं. फोकस जुळवायचा. मग लेन्सवरचं कडं तीन वेळा टक्‌ वाजेपर्यंत फिरवून छिद्र लहान करायचं, म्हणजे उजेड बेताचा आत येतो. मगच बटण. ते टक्‌ टक्‌ ते बोटांनी मोजत. डोळ्यांपेक्षा त्यांचा बोटांवर भरवसा जास्त.

त्यांच्या थोरल्या बहिणीचा एकही फोटो घरात नव्हता. कॅमेरा दिसला की आत्या स्वयंपाकघरात गडप व्हायच्या. आता ब्याऐंशीव्या वर्षी त्या स्वतःच्या मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या, दिवसभराच्या प्रवासाला. वाटेत तासभर भावाकडे उतरल्या.

"एकच काढ," खिडकीजवळच्या खुर्चीत टेकता टेकता त्यांनी बजावलं. "दुसरा मागितलास तर चहा न घेता उठेन."

त्याच खुर्चीत सकाळभर सुनेला बसवून सासऱ्यांनी उजेड पारखून ठेवला होता. त्यांनी छिद्र उघडलं, फोकस जुळवला. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "बाळ्या, तुझे कान किती वाढलेत रे! वारा आला तर उडशील."

सासरे खो खो हसले आणि हसता हसता बटण दाबून बसले. कडं फिरवायचं राहिलंच.

पडद्यावर पाहतात तो काय, सगळं पांढरंफटक. मधोमध दोन नाकपुड्या.

"पिठाच्या डब्यात पडलेय की काय मी?" आत्या म्हणाल्या.

सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. दुसरा मागायची सोय नव्हती. शेवटी सूनच पुढे झाली. "आत्या, हसण्याच्या नादात बाबा तीन मोजायला विसरले हो."

"तीन? अरे, शंभरापर्यंत मी शिकवलं होतं तुला, आणि तू तीनला अडकलास?" आत्या ताठ बसल्या. "चल, लाव डोळा. मी मोजते."

छिद्र उघडंच होतं; सासऱ्यांनी घाईघाईने पुन्हा फोकस जुळवला.

"एक!" टक्‌. "दोन!" टक्‌. "तीन!" टक्‌, आणि बटण.

उजेड असा बेतशीर उतरला होता की पांढरा केस न्‌ केस वेगळा दिसत होता. फक्त आत्यांचं बोट वर होतं आणि तोंड वासलेलं.

"शी! तोंड बघ माझं."

"पुसून टाकू?"

"हात लावून तर बघ," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागितला.

आत्या मुलाकडेच असतात. सासरे आता एकोणऐंशीचे आहेत, आणि दर दोन महिन्यांनी कॅमेरा पिशवीत घालून दिवसभराच्या प्रवासाला निघतात.