हिरव्या जोडीच्या मधली निळी

आठ दिव्यांच्या त्या टेस्टरचा मला भारी राग येतो. केबलच्या दोन्ही टोकांना लावला की एक ते आठ दिवे ओळीनं लागतात, आणि माणूस छाती फुगवून सांगतो, "केबल ओके हाय!" कसली डोंबलाची ओके!

शाहूपुरीत माझं नेटवर्किंगचं दुकान. गेल्या वर्षी नेसरीच्या पलीकडल्या एका शाळेतून हेडसरांचा फोन आला. ऑनलाइन सराव परीक्षा लावली की लॅबमधले सगळे कॉम्प्युटर अडकत्यात, बघून जावा, म्हणाले. तिथं गेल्यावर कळलं, की लॅबच्या बाई दोन महिने सांगत होत्या, ऑफिसातून लॅबला येणारी केबल नीट नाही. ती टाकली होती संस्थेच्या सेक्रेटरींच्या मेहुण्यानं, जो घरांचं लाइट फिटिंग करतो. त्यानं टेस्टर लावून आठ दिवे दाखवले. झालं! केबल चांगली, म्हणजे बाईंनाच काही येत नाही. मी पोचायच्या दोन दिवस आधी बाईंना कामावरून काढलं होतं.

मी प्लग बघितला आणि डोकंच फिरलं. नारंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, शेजारीशेजारी, कशा देखण्या बसवलेल्या! दोन्ही टोकांना सारख्या. लाइटच्या वायरीला चालतं हो ते, इथं नाही. आतल्या आठ तारांना दोन-दोनचा पीळ असतो, एका जोडीतली गडबड दुसरीत जाऊ नये म्हणून. आणि प्लगमध्ये तीन नंबर आणि सहा नंबर मिळून एक जोडी धरतात. शेजारीशेजारी बसवलं की तीनला हिरवी तार येते, सहाला निळी, आणि जोडी मोडते. म्हणून हिरवी फाकवायची आणि तिच्या मधे निळी बसवायची. दोन्ही टोकं अशी केली की सरळ केबल. रोजच्या सगळ्या कामाला हीच. एका टोकाला नारंगी-हिरव्याची अदलाबदल केली की क्रॉस केबल. ती पूर्वी दोन कॉम्प्युटर थेट जोडायला लागायची, आताची यंत्रं ते आपलं आपण सांभाळून घेतात. पण मोडलेली जोडी कुठलंच यंत्र सांभाळत नाही, आणि टेस्टरला ती दिसतही नाही; तो फक्त तार त्या टोकाला पोचली का, एवढंच बघतो. एक कॉम्प्युटर रडतखडत चालतो, तीस लावले की बोंब.

दोन्ही टोकं कापून नवीन प्लग बसवले. तीसच्या तीस सुरळीत चालले. सेक्रेटरी बघायला आले आणि हसत म्हणाले, "बघा पावणं, बाई गेल्या आन् लॅब सुधारली की!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापलेला प्लग त्यांच्यापुढं आपटला. "अवो साहेब, बाईंचा काय संबंध? ह्ये तुमच्या मेहुण्याचं काम हाय. बाईंना परत बोलवा."

"जागा भरली आता. मिटलं न्हवं? जाऊ दे की."

हेडसरांकडून नंबर घेऊन तिथंच बाईंना फोन लावला, स्पीकरवर. "बाई, दोष केबलचा होता, तुमचा नव्हता." पलीकडून बाई म्हणाल्या, "दादा, एवढं लिहून द्याल का? दुसऱ्या शाळेत गेलं की विचारतील, तिथनं का काढलं म्हणून."

कागद मागून घेतला, सगळं लिहिलं, खाली सही केली आणि सेक्रेटरींपुढं त्यांच्या सहीला धरला. ते उठून बाहेर गेले. हेडसरांपुढं धरला. "माझी नको हो," म्हणाले. बाईंना तो कागद माझ्या एकट्याच्या सहीनं गेला. आता केबलवाल्याची सही कुठली शाळा धरणार, सांगा!