सरकतं दार आणि शेजारचा गोठा

निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही दोघं पाचगणीला दोन दिवस राहून आलो. हॉटेलच्या खोलीला एका बाजूला भिंतच नव्हती, काचेचं सरकतं दार होतं. बोटानं ढकललं की सरकायचं आणि समोर सगळी दरी. परतताना मी बायकोला म्हणालो, "आपल्या मागच्या खोलीला असं दार करून घेऊ."

"मागं बघायला काय आहे?" तिनं विचारलं.

"उजेड येईल."

मागं काय आहे ते तिला माहीत होतं आणि मलाही. कराडच्या कडेला, उसाच्या रानातून पाडलेल्या प्लॉटवर आमचं घर आहे. मागं कमरेएवढं कुंपण आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा गोठा. दोन म्हशी, एक जर्सी गाय आणि कडबाकुट्टीचं मशीन. गोठा आमच्या घराच्या कितीतरी आधीपासूनचा. आमचा प्लॉटही त्याच शेजाऱ्याच्या चुलतभावाकडून घेतलेला. तरीही राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी नगरपालिकेकडे अर्ज केला होता. शेणाच्या खड्ड्यामुळे 'असह्य दुर्गंधी' येते आणि 'नागरिकांचे आरोग्य धोक्यात' आहे, असं त्यात लिहिलं होतं. नागरिक आम्ही दोघंच होतो. नोटीस गेली, त्यांनी खड्डा पलीकडच्या बांधाला नेला आणि आमचं बोलणं बंद झालं.

त्यानंतर मी त्याच गोठ्याच्या समोर सहा फुटांची काच बसवून घेतली.

दार आलं तेव्हा सुंदर दिसलं. सकाळी मी चहा घेऊन समोर बसलो, तर म्हशी रवंथ करत माझ्याकडे बघत होत्या. शेजारीही दिसले. धार काढायला बसले होते. त्यांनी पाठ फिरवली, मी पेपर वर धरला. आठ दिवसांत बायकोनं जाड पडदे शिवून आणले. उजेडासाठी केलेल्या दारामुळे त्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागू लागला.

दोन वर्षं दार बरं चाललं. मग जड झालं. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडते. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, गच्चीवर पडते आणि दाराच्या खालच्या पट्टीत जाऊन बसते. दार आधी कुरकुरलं, मग अडखळलं, मग पाय लावून ढकलावं लागलं. ज्याच्याकडून बसवून घेतलं होतं त्या ॲल्युमिनियमवाल्याला मी फोन केला. "उद्या येतो सर," तो म्हणाला. हे तो आठ दिवस रोज म्हणत होता आणि रोज तितक्याच आदरानं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. घर्षण हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर उतार काढायचा, त्यावर ठोकळा ठेवायचा आणि बाण दाखवायचे. पोरांना तो धडा आवडायचा, निदान मला तसं वाटायचं. तेव्हा एक दार सरकवायला बाहेरचा माणूस कशाला, असा विचार करून मी पट्टीत शिलाई मशीनचं तेल सोडलं. दार दोन दिवस लोण्यासारखं सरकलं. तिसऱ्या दिवशी तेल आणि काजळी यांचा लगदा होऊन ते जागच्या जागी थांबलं.

बायकोनं वाकून पट्टीत बोट फिरवलं आणि मला दाखवलं. "काजळ छान झालंय," ती म्हणाली. "एखादी डबी भरून ठेवू का?"

मग मी मोबाईलवर दार दुरुस्तीचे व्हिडिओ बघितले. त्यातला माणूस दाराचा पल्ला दोन्ही हातांनी धरायचा, वर उचलायचा, खालची बाजू आपल्याकडे ओढायचा आणि पल्ला बाहेर. सगळं मिळून अर्धं मिनिट. त्या माणसाचे दंड माझ्या मांडीएवढे होते, पण ते मी तेव्हा लक्षात घेतलं नाही. सकाळी काच पुसून लख्ख केली. दुपारी चारच्या सुमारास पडदे काढून टाकले, बायकोनं पदर खोचला आणि आम्ही पल्ला उचलला.

तो वर गेला. खालची कड पट्टीतून सुटून आत आली. इथवर सगळं व्हिडिओसारखं झालं. पण वरची कड वरच्या खोबणीतच अडकून राहिली आणि पल्ल्याचा सगळा भार आमच्या हातांवर आला. खाली ठेवावा तर तिरका ठेवल्यानं काच तडकेल, वर न्यावा तर ताकद नाही. सोडून तर देताच येत नव्हता.

"आता?" बायकोनं विचारलं.

"थांब, विचार करतो."

"लवकर करा."

माझ्या कमरेतून एक कळ निघाली ती पार मानेपर्यंत गेली. मी मान सरळ ठेवायला म्हणून समोर बघितलं. कुंपणापलीकडे शेजारी म्हशींना पाणी दाखवत होते. हातात बादली घेऊन ते तसेच थांबले होते आणि आमच्याकडे बघत होते. सहा वर्षं आम्ही एकमेकांची नजर चुकवली होती. आता माझ्या नजरेला दुसरीकडे जायला जागाच नव्हती, आणि मधली काच मीच सकाळी घासून पुसली होती.

त्यांनी बादली खाली ठेवली.

"वहिनी, हात काढू नका," ते तिकडूनच म्हणाले. "सर, तुमी बी काढू नका. आलोच मी."

साठीचा माणूस, पण कुंपणावर हात टेकून सहज अलीकडे आला. ओले हात सदऱ्याला पुसले आणि दाराच्या मोकळ्या बाजूनं आत शिरून माझ्या शेजारी त्यांनी पल्ल्याच्या मधोमध पकड घेतली.

"मी 'हं' म्हटलं की वर. खाली बघू नका. हं."

पल्ला वर गेला, जरासा डावीकडे सरकला आणि खोबणीतून अलगद बाहेर आला. त्यांनी सांगितल्यावर बायकोनं आतून एक जुनी वाकळ आणून अंथरली. आम्ही पल्ला तिच्यावर आडवा करून भिंतीला टेकवला. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो, कारण उभं राहता येत नव्हतं.

शेजाऱ्यांनी पल्ल्याच्या खालच्या कडेची छोटी चाकं बोटानं फिरवून बघितली. ती फिरली नाहीत.

"सर, ही चाकं जाम हायती," ते म्हणाले. "तुमी दार सरकवत न्हवता, फरफटत हुता."

घर्षणाच्या धड्यात चाकाचाही एक परिच्छेद होता, तो मी नेहमी घाईत उरकायचो.

ते परत कुंपण ओलांडून गेले आणि एका वाटीत डिझेल, जुना दात घासायचा ब्रश आणि पेचकस घेऊन आले. कडबाकुट्टीची बेअरिंग असंच धुतो, म्हणाले. दोन्ही चाकं सोडवून त्यांनी डिझेलमध्ये घासली. एक फिरू लागलं. दुसरं चिरलेलं निघालं.

"हे नवंच घ्याय पायजे. उद्या बाजारात जायचंच हाय मला, बघतो."

तोवर बायकोनं चहा आणला. कप कुणाला कुठला हे तिला विचारावं लागलं नाही. त्यांच्या कपात साखर कमी होती.

एक घोट घेऊन ते म्हणाले, "चहा झकास झालाय, वहिनी."

"दूध तुमचंच आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं, की सहा वर्षं मी ज्या गोठ्याकडे पाठ करून बसत होतो, त्याच गोठ्यातलं दूध रोज सकाळी, मी फिरायला गेलो की, कुंपणावरून आमच्या घरात येत होतं. बोलणं माझं बंद होतं. घराचं चालू होतं.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "तुमचा अर्ज मी वाचला हुता. सायबानं झेरॉक्स दिली हुती. अक्षर लय सुरेख हाय तुमचं."

त्यांच्या आवाजात टोमणा आहे का ते मी शोधत होतो. सापडला नाही.

"बेंदराच्या दिवशी नोटीस आली," ते पुढे म्हणाले. "बैल रंगवून दारात हुबं केलेलं, शिंगांना गोंडं बांधत हुतो, आन् नगरपालिकेचा माणूस कागद घिऊन आला. त्येला बी वंगाळ वाटलं. पोळी खाऊन गेला."

"मग बैल?" मी विचारलं. गोठ्यात बैल मी बऱ्याच वर्षांत बघितले नव्हते.

"इकले म्होरच्या वर्षी."

"माझ्या अर्जामुळं?"

"न्हाई वो. ट्रॅक्टर घेतला."

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. माझ्यामुळं विकले असं ते म्हणाले असते तर माफी मागायला एक ठोस कारण मिळालं असतं. तरी मी म्हणालो, "चुकलंच माझं. अर्ज करण्याआधी तुमच्याशी बोलायला हवं होतं."

"बोलाय पायजे हुतं," त्यांनी मान्य केलं. "पर वास येतोच की. मला बी येतो."

जाताना त्यांनी उघड्या जागेला गोठ्यातली हिरवी जाळी बांधून दिली. मांजरं शिरायला नकोत म्हणून. संध्याकाळी वारा पडला आणि जाळीतून शेणाचा, ओल्या कडब्याचा वास सगळ्या घरात पसरला. मी 'असह्य' लिहिलेला वास तो हाच. आम्ही दोघं त्यातच जेवलो. भाकरी मी एक जास्तच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते नवं चाक घेऊन आले. मी हंगामातल्या काजळीचा लगदा चमच्याच्या दांड्यानं खरवडून पट्टी कोरडी करून ठेवली होती. पट्टीच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, तीही बुजली होती. ती मी केरसुणीच्या काडीनं मोकळी केली. त्यांनी ते बघून मान हलवली, आणि त्याचा मला जो आनंद झाला तो एखाद्या वार्षिक तपासणीतही झाला नव्हता. पल्ला बसवला. खालच्या बाजूला दोन स्क्रू असतात, ते फिरवले की चाक वरखाली होतं, हे त्यांनी मला दाखवलं आणि दोन वेळा माझ्याकडून करून घेतलं. "आता तेल न्हाई," ते म्हणाले. "कोरडा ब्रश. दर रविवारी. तेलानं धूळ धरती."

दार पुन्हा एका बोटानं सरकू लागलं. ते दोनदा उघडून बघून ते म्हणाले, "लय भारी हाय की दार. पर हितनं बघायचं काय?"

"तुम्हालाच," बायको म्हणाली.

आता ते फाटकातून येत नाहीत, कुंपणावरून आणि दारातून येतात. दुपारी मी आडवा झालो की काचेवर टकटक होते. पेपर हवा असतो, नाहीतर कुठल्यातरी फॉर्ममधला रकाना समजून घ्यायचा असतो. माझी दुपारची झोप गेली, त्याबद्दल कुणाकडे अर्ज करायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या हंगामात दार पुन्हा जरा जड वाटलं. एक रविवार, मग दुसरा, असं माझं ब्रश मारणं राहून गेलं होतं. कुणी बघत नाही असं बघून मी पट्टीत तेलाचे चार थेंब सोडले. ते संध्याकाळी आले, दार सरकवलं, बोट पट्टीतून फिरवून नाकाशी नेलं.

"सर," ते म्हणाले.

"थोडंसंच होतं."

त्यांनी कोनाड्यातला ब्रश काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः उंबऱ्यावर ऐसपैस बसले. मी गुडघ्यांवर बसून पट्टी घासत राहिलो. ते मला जर्सीच्या नव्या कालवडीबद्दल सांगत होते आणि मधून मधून कोपऱ्याकडे बोट दाखवत होते, तिथं अजून राहिलंय म्हणून.