अनंत मास्तरांचा अर्ज

चार मास्तर एका खोलीत बसले की किस्से साठतातच. सन एकतीस-बत्तीसच्या सुमाराला चौलच्या आमच्या शाळेतले बहुतेक किस्से अनंत मास्तरांचे. तेव्हा ते सांगताना आम्ही खो खो हसायचो. आता सांगताना मान वर होत नाही.

*

मास्तरांच्या कानात आवाज यायचे. शिकवता शिकवता थांबून ते वर्गाला विचारत, "आत्ता कोणी बोललं का रे?"

"न्हाय, गुरुजी!"

"मग ते माझंच," म्हणून गणित पुढे चालू!

*

एकदा मी गंमत म्हणून सांगितलं, "हो मास्तर, मीही ऐकलं!"

त्यांचा चेहराच पडला. "तुम्हालाही? कधीपासून? घरी सांगितलंत का?"

पुढे आठ दिवस ते रोज वाडीतलं शहाळं आणून माझ्या झोपेची चौकशी करायचे. ती थट्टा होती, हे मला शेवटपर्यंत सांगवलं नाही. शहाळी मात्र प्यालो.

*

हेडमास्तरांना ते म्हणाले, "उद्यापासून दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नसेल. रजा द्या."

"आजार असा आधी कळवून येतो होय?"

"माझा येतो. तुमचा राग मात्र न कळवता येतो!"

*

गोपाळ मास्तरांचा मुलगा गेला आणि पंधरा दिवसांत ते आमच्यात बसून टाळ्या देत हसायला लागले. आम्हाला वाटलं, सावरले. अनंत मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "हे हसणं मी ओळखतो. आज यांना एकटं सोडू नका."

"तुम्हाला काय, सगळे तुमच्यासारखेच दिसतात!" मी म्हटलं.

दुपारच्या सुट्टीत गोपाळ मास्तर विहिरीच्या काठावर, आत पाय सोडून बसले होते. अनंत मास्तर शेजारी जाऊन बसले. घंटा झाली तरी उठले नाहीत. बऱ्याच वेळाने दोघं मिळून आले.

*

पुढे पालकांची कुरकुर सुरू झाली. अनंत मास्तरांना नोकरीवरून काढावं, असा अर्ज हेडमास्तर धरून आम्ही चौघांनी दिपोटीसाहेबांना, म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना, द्यायचं ठरलं. गोपाळ मास्तरही 'हो' म्हणाले. पण लिहायचं काय? त्यांना नेमकं काय होतं, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना!

"आणा इकडे," दारातून अनंत मास्तर म्हणाले.

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बसून पानभर लिहिलं आणि टाक पुढे केला. वाचायचं धैर्य कोणालाच नव्हतं. पटापट सह्या करून मोकळे झालो.

साहेबांनी अर्ज आमच्यासमोरच मोठ्याने वाचला. आवाज कधी येतात, किती वेळ टिकतात, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, "खाली सही करणारे चौघे अनंत मास्तरांना भितात. माणसं वाईट नाहीत. त्यांच्यावर रागावू नये."

साहेबांनी कागद माझ्यापुढे धरला.

"ही सही तुमचीच ना?"