पत्रा कुठे असतो

माझी ताई मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर आहे. गेली एकोणीस वर्षं. घराघरांतून जे वाहून जातं ते नदीत सोडण्याजोगं करायचं, हे तिचं काम. हे सांगितलं की लोक नाक मुरडतात आणि विषय बदलतात. मग मी मुद्दाम तोच विषय पुढे रेटते. मी छापखान्यात प्रुफं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून माझा स्वभाव असा झाला, असं घरचे म्हणतात. घरचे चुकतात, तो आधीपासूनच असा होता.

या एकोणीस वर्षांत ताईच्या डोक्यावर सात पाळीप्रमुख येऊन गेले. सातही इंजिनिअर, सातही कोवळे, आणि कुठला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा हे सातांनाही ताईनेच शिकवलं. शिकून झालं की ते तिच्यावर हुकूम सोडायला लागत. पहिल्या दोघांच्या वेळी तिला हसू आलं. पुढे तेही येईना.

मग खात्याने नवा नियम काढला. पंचेचाळिशीच्या आतल्या ऑपरेटरने पर्यावरण अभियांत्रिकीची प्राथमिक परीक्षा दिली, लेखी आणि तोंडी, तर त्यालाही पाळीप्रमुख होता येईल. ताईला चव्वेचाळीस पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. म्हणजे तिच्या वाट्याला एकच परीक्षा, तीही तीन महिन्यांवर, आणि शाळा सुटून सव्वीस वर्षं झालेली.

"पुस्तक कुठलं घेऊ तेवढं सांग," ती मला म्हणाली. "तीन महिन्यांत एकच नीट वाचून होईल. ते चुकलं की सगळंच चुकलं."

मला काय कळतंय त्यातलं. पण न विचारता सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. भाऊजींनी गाईड आणलं. "यात प्रश्नही आहेत आणि उत्तरंही. अजून काय पाहिजे माणसाला?" भाऊजी गरीब स्वभावाचे, त्यांना खरंच अजून काही लागत नाही. भाचा बाहेरगावी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्याने आपलं उशीएवढं जाड पुस्तक पाठवलं. आणि तिसरं, खात्याने नेमलेलं, गुळगुळीत कागदाचं. ते लिहिलं होतं परीक्षा मंडळाच्या अध्यक्षांनीच. ताईच्या केंद्राचे प्रमुखही तेच, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात.

"साहेबांचंच घे आणि मोकळी हो," मी म्हटलं. "पेपर काढणारे तेच, तपासणारे तेच."

"आधी बघते," ताई म्हणाली.

तिची बघायची पद्धत अशी. जेवणाच्या सुट्टीत ती एकेक पुस्तक घेऊन निवळणीच्या टाकीवरच्या पुलावर जायची, त्याच टाकीचं प्रकरण उघडायची आणि एक डोळा पानावर, एक टाकीवर ठेवून वाचायची. "पुस्तक टाकीबद्दल बोलतंय का दुसऱ्या पुस्तकाबद्दल, ते तिथे लगेच कळतं," असं तिचं म्हणणं. बाकीचे ऑपरेटर खालून टिंगल करायचे. एकाने विचारलं, "काय ताई, टाकीला गोष्ट वाचून दाखवताय का?" ताई म्हणाली, "हो, तुमच्यापेक्षा लक्ष देऊन ऐकते ती."

गाईड पहिल्याच दिवशी बाद झालं. त्यात 'का' हा शब्दच नव्हता. भाच्याचं पुस्तक तिने आठवडाभर धरून ठेवलं. "खोटं काही नाही त्यात," ती म्हणाली, "पण वाचणाऱ्याला सगळं आधीच येतं, असं धरून चाललाय लिहिणारा. येत असतं तर मी पुस्तक कशाला घेतलं असतं?"

साहेबांचं पुस्तक मात्र एकशे बाराव्या पानापर्यंत सुरळीत चाललं. तिथे टाकीची आकृती होती. आता ही टाकी काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाणी टाकीच्या मधोमध येतं, संथपणे कडेकडे सरकतं आणि कडेच्या दातेरी पट्टीवरून सांडून बाहेरच्या गटारात पडतं. त्या पट्टीच्या आत, वीतभर अंतरावर, एक उभा पत्रा असतो. वर तरंगणारी तेलकट साय त्या पत्र्याला अडते आणि पत्र्याच्या खालून फक्त निवळलेलं पाणी पट्टीकडे जातं. साहेबांच्या आकृतीत पत्रा पट्टीच्या बाहेर होता. म्हणजे साय आधी पट्टीवरून सांडणार आणि मग तिला अडवायला पत्रा उभा. एकोणीस वर्षं ताई रोज पाइपने तो पत्रा धुते. तिने पुस्तक मिटलं ते मिटलंच.

चौथं पुस्तक तिला प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत सापडलं. पातळसं, पुठ्ठा गेलेला, त्यामुळे पुस्तकाचं नाव नाही आणि लिहिणाऱ्याचंही नाही. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की हवा सोडून ढवळायच्या टाकीतलं लिटरभर गढूळ पाणी काचेच्या उभ्या नळकांड्यात भरा, अर्धा तास थांबा आणि गाळ कितीवर बसला ते बघा. ताई हे रोज सकाळी आठला करते. आकडा वहीत लिहिते आणि नळकांडं धुऊन ठेवते. चौथ्या पानावर त्या आकड्याचा अर्थ होता. तो गाळ जिवंत असतो. घाण खाणाऱ्या बारीक जिवांचा तो जथा, आणि त्यांचं बिनसलं की तो फुगतो, खाली बसत नाही.

तिने मला छापखान्यात फोन केला. "अगं, तो आकडा कशाला लिहायचा ते मला आज कळलं." मग म्हणाली, "सात जण येऊन गेले. एकानेही सांगितलं नाही गं." मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, मला संताप आला होता.

तीन महिने तिने तेच पुस्तक वाचलं. लेखीत पंचाहत्तरपैकी अडुसष्ट पडले. राहिली तोंडी, पंचवीस गुणांची, पैकी दहा मिळवणं सक्तीचं.

आदल्या दिवशी भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझं ऐकते ती. टाकीचं विचारलं तर साहेबांच्या पुस्तकात आहे तसं सांग म्हणावं. एक दिवसाचा प्रश्न आहे." मी ताईला सांगितलं, कारण मलाही ती खुर्ची तिच्यासाठी हवी होती, आणि माझ्या कामात मी छापलेल्या चुका इतक्या बघते की त्यातली एक तोंडाने म्हणणं मला जड वाटलं नाही. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला आत गेले.

तोंडी केंद्राच्याच कचेरीत झाली, समोर साहेब आणि आणखी दोन परीक्षक. साहेबांनी नेमकं तेच विचारलं. आकृती काढायला सांगितली. ताईने काढली.

"पत्रा आत कसा?" साहेब म्हणाले. "पुस्तक वाचलं नाही का?"

"एकशे बाराव्या पानापर्यंत वाचलं. तिथे चूक आहे."

"म्हणजे छापलेलं चूक आणि तुम्ही बरोबर?"

"मी कशाला बरोबर, साहेब? पत्रा जिथे आहे तिथे आहे. खिडकीतून दिसेल, बघा."

खिडकी त्यांच्या पाठीमागेच होती. तिघांपैकी कुणी मान वळवली नाही. तोंडीत सहा गुण पडले.

महिनाभराने पाळीप्रमुख म्हणून आठवी व्यक्ती रुजू झाली. या खेपेला मुलगी होती, ताईच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सोबत खात्याचं पत्र आलं, की नवीन पाळीप्रमुखांना आपण नेहमीप्रमाणे पंधरा दिवस प्रशिक्षण द्यावे. ताईने त्याच दिवशी उत्तर लिहून माझ्याकडे तपासायला दिलं. 'मी परीक्षेत अनुत्तीर्ण आहे. अनुत्तीर्ण व्यक्तीकडून शिकणे खात्यासाठी धोक्याचे ठरेल. नवीन पाळीप्रमुखांनी नेमलेले पुस्तक वाचावे.' त्यात एकही दुरुस्ती करावी लागली नाही.

टाक्या तिने वाऱ्यावर सोडल्या नाहीत. नदीने तिचं काय घोडं मारलंय? काम चोख करायची, पण विचारलं की एकच उत्तर, "पुस्तकात बघा." वरून समज देणारी दोन पत्रं आली. ताईने दोन्ही पोच देऊन ठेवून दिली.

पाचव्या दिवशी ताई पत्रा धुत असताना ती मुलगी पुस्तक घेऊन पुलावर आली. बराच वेळ पानाकडे आणि टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, हा पत्रा तर आत आहे."

"असं तुम्ही म्हणताय," ताई म्हणाली. "लिहून द्याल?"

मुलीचा चेहरा उतरला. साहेब तिचेही साहेब होते, आणि नोकरीला तिला आठवडासुद्धा झाला नव्हता. ती खाली गेली. ताईला वाटलं, झालं, ही आठवीपण सातांसारखीच.

अर्ध्या तासाने ती पाळीची वही घेऊन परत आली. तोंडीत काय झालं ते तिला खाली बाकीच्या ऑपरेटरांनी सांगितलं होतं. ही वही रोज संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर जाते. तिने लिहिलं होतं, 'निवळणीच्या टाकीत पत्रा पट्टीच्या आत आहे. नेमलेल्या पुस्तकातील आकृती चुकीची आहे. तोंडी परीक्षेत ऑपरेटरने दिलेले उत्तर बरोबर होते.' खाली सही आणि तारीख.

ताईने ते दोनदा वाचलं. मग धुण्याचा पाइप मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "घट्ट धर, झटका देतो. आता शिकवते."