भावोजींच्या विरोधकाची चौकशी

आमच्या सासरी लग्न कुणाचंही असो, समोरच्या स्थळाची चौकशी मी करते. हे काम मला कुणी दिलेलं नाही आणि माझ्याकडून कुणी काढूनही घेतलेलं नाही. बदलापुरात घरी बसून मी डोंबिवलीच्या एका मुलाचं दारू पिणं शोधून काढलेलं आहे आणि टिटवाळ्याच्या एका अतिशय सालस मुलाचं आधीचं लग्नसुद्धा! (आधीची बायको माझ्याच योगाच्या क्लासमध्ये निघाली. यात माझं कर्तृत्व शून्य, पण ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.)

त्यामुळे माझे धाकटे दीर विधानसभेला अपक्ष म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांचा पहिला फोन मला आला.

भावोजींचं अंबरनाथला नळ-पाइपचं दुकान आहे. गिऱ्हाइकं दुकानात उभ्या उभ्या पाण्याच्या तक्रारी सांगतात, भावोजी मान डोलावतात, आणि या मान डोलावण्यातून आपल्याला जनाधार आहे असा त्यांचा समज झाला. चिन्ह मागितलं होतं नळ. मिळाला फणस!

"वहिनी, मुख्य लढत माझी आणि पद्माकर भोपीची. त्याची सगळी कुंडली काढायची."

"जन्मवेळ आहे का?"

"तसली कुंडली नाही हो! त्याचं घरदार, धंदे, भानगडी. माझे कार्यकर्ते गेले तर लगेच ओळखतील. तुम्ही साध्या दिसता."

साध्या दिसता हे मला लागलं, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं. मुळात माझा स्वभाव असा की काम हातात आलं की जीव खालीवर व्हायला लागतो. डाळीला दोनदा फोडणी घातली. गॅस बंद केला का ते बघायला जिन्यावरून परत आले, तर गॅस बंद आणि दार उघडं! शेवटी आमच्या यांनी "चल बाई, एकदाची घेऊन जातो तुला" म्हणून स्कूटर काढली आणि आम्ही उल्हासनगरला, कॅम्प पाचला पोचलो. पद्माकर भोपी तिथले, एवढंच भावोजींनी सांगितलं होतं.

पद्माकर भोपींचे बॅनर सगळीकडे होते. काळा गॉगल, काळ्याभोर मिशा, आणि दोन्ही हात अशा पद्धतीने जोडलेले की नमस्कार आहे की दम, ते कळू नये. बॅनरखाली एक सिंधी बाई पापड विकत होती.

"पद्माकर भोपी किधर रहते हैं?"

"चक्कीवाला? चुनाव में खड़ा है, वही ना?"

"वही, वही."

"उधर, खंभे के बाजू में. अच्छा लड़का है. क्यों, क्या हुआ?"

"कुछ नहीं," मी म्हटलं आणि उगाच दोन पाकिटं पापड घेतले.

पुढाऱ्यांचे जोडधंदे असतात हे मला माहीत होतं. कुणाचा पेट्रोल पंप असतो, कुणाचं मंगल कार्यालय. याची पिठाची गिरणी! आमचे हे स्कूटर लावायला जागा शोधत राहिले (ते अशा वेळी नेहमीच जागा शोधत राहतात) आणि मी एकटी आत शिरले. एक म्हातारी गव्हाचे डबे सरळ करत होती.

"पद्माकर भोपी इथेच राहतात का?"

"माझाच पोरगा तो. परचाराला गेलाय. काय काम होतं गो बाय?"

आता इथे मी काय सांगणार होते ते स्कूटरवर अगदी नीट ठरवलं होतं. मतदार आहे, पाण्याची तक्रार आहे, वगैरे. पण भिंतीवर मुलाचा फोटो दिसला, समोर त्याची आई दिसली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "मुलगा स्वभावाने कसा आहे?"

म्हातारीच्या हातातला डबा खाली आला. तिने मला नखशिखांत पाहिलं. मग पदराने स्टूल पुसलं.

"बस गो बाय, बस! तुमच्याकडं पोरगी हाय?"

पळून जावं असं वाटलं. पण स्टूल पुसून झालं होतं! पुसलेल्या स्टुलाचा मान ठेवायचा म्हणून मी बसले आणि म्हणाले, "आहे ना. माझी नणंद."

नणंद खरोखरच आहे. कल्पनाताई. भावोजींकडेच राहतात, अंबरनाथच्या एका शाळेत गणित शिकवतात. लग्न केलं नाही, कारण बघायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यातला एकही पास झाला नाही. आता चाळिशी आली. त्यांच्यासमोर लग्नाचा विषय काढायची हिंमत घरात कुणाला नव्हती. ती मी तिथे, गव्हाच्या डब्यांमध्ये बसून केली.

मग मात्र म्हातारी जी सुटली! पद्माकरला कसलं व्यसन नाय. काकडी खात नाय. कुत्र्याला लय घाबरतो. वडील गेल्यावर कॉलेज सोडून चक्कीवर बसला, बहिणींची लग्नं केली, स्वतःचं राहून गेलं. आईला विचारल्याशिवाय शर्टसुद्धा घेत नाय. स्थळ म्हटलं की लोक जे सांगतात ते पोलिसांनाही सांगत नाहीत, हा माझा अनुभव आहे. फोटोत मिशा नव्हत्या तेवढं मला खटकलं. म्हटलं, निवडणुकीसाठी वाढवल्या असतील.

"पत्ता देऊन जा," म्हातारी म्हणाली.

आणि मी दिला! अंबरनाथचा! म्हणजे ज्याची हेरगिरी करायला आले, त्याच्या आईला उमेदवाराच्या घरचा पत्ता स्वतःच्या तोंडाने सांगून आले. परतताना यांना हे सांगितलं, तर स्कूटर एका खड्ड्यातून सरळ दुसऱ्या खड्ड्यात गेली.

भावोजींना मी स्थळाचं आणि पत्त्याचं सोडून बाकी सगळं सांगितलं. ते येरझाऱ्या घालत ऐकत होते.

"नुसती चक्की? एवढा मोठा पुढारी आणि नुसती चक्की? लपवतोय तो, वहिनी!"

"आई तर साधी वाटली."

"आईसुद्धा लपवतेय!"

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या चौकसभेला मी मुद्दाम गेले. आपण आणलेली माहिती माइकवरून कशी ऐकू येते याची मला उत्सुकता होती. कल्पनाताईही शाळेतून परस्पर आल्या होत्या, कपाळाला आठ्या घालून मागे उभ्या. भावोजींनी सुरुवात पाण्यापासून केली आणि मग आवाज चढवला.

"हा पद्माकर भोपी! चक्कीच्या आड दडलेला हा माणूस! जो आईला विचारल्याशिवाय स्वतःचा शर्ट घेत नाही, तो तुमच्यासाठी मंत्रालयात काय तोंड उघडणार?"

पुढच्या बायकांमध्ये एकदम कुजबुज झाली.

"आईला विचारतो? या वयात?"

"आमच्याकडं बघ, भाजी काय आणू तेसुद्धा विचारीत नाहीत!"

"काय नाव म्हणाले? भोपी?"

भावोजींना वाटलं, भाषण रंगतंय. "कुत्र्याला घाबरतो तो!" ते गरजले. "गुंडांशी काय लढणार?" इतक्यात व्यासपीठावर नाना धावत आले. नाना म्हणजे भावोजींचे जुने मित्र आणि सगळ्या प्रचाराचे सूत्रधार. त्यांनी भावोजींचा सदरा मागून ओढला आणि कानात काहीतरी सांगितलं. कानातच सांगितलं. पण कान आणि माइक अगदी शेजारी शेजारी होते!

"अरे गप! चक्कीवाला भोपी आपला आहे! सारख्या नावाचा म्हणून मीच उभा केलाय, खऱ्या भोपीची मतं खायला!"

हे वाक्य चौकातल्या दोन्ही कर्ण्यांतून बाहेर पडलं आणि बुवापाडाभर ऐकू गेलं. लांब कुठेतरी एका गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भावोजी फणसासारखे उभे. मी मागे वळून पाहिलं, तर कल्पनाताई निघून गेल्या होत्या.

यांच्या स्कूटरवरून भावोजींच्या घरी पोचले तेव्हा जाऊबाई कार्यकर्त्यांसाठी पोहे करत होत्या (निवडणुकीत त्या घरात दुसरं काही शिजलंच नाही) आणि भावोजी माझी वाट बघत होते.

"वहिनी, मतदारसंघात लाखो लोक. त्यात तुम्हाला नेमका आमचाच माणूस सापडला?"

"तुम्ही उभा केलात, तर तुम्हाला कसा माहीत नाही?"

"मी कशाला बघायला जातोय? नाना म्हणाले, त्या नावाचा मिळालाय. मी म्हटलं, उभा करा!"

नाना सतरंजीची घडी घालत होते. तिची आणखी घडी होणं शक्य नव्हतं, तरी घालत होते. कल्पनाताई आतल्या खोलीत दार लावून बसलेल्या. मी दारापर्यंत जायची, परत यायची, पाणी प्यायची, पुन्हा जायची. पत्त्याचं सांगून टाकावं असं ठरवून मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी खाली कर्णा वाजला.

"पद्माकर भोपी! तुमचा आमचा, पद्माकर भोपी! बादलीला मत द्या!"

आमच्याच दारात! खिडकीतून पाहिलं. प्रचाराची रिक्षा. तिच्यातून म्हातारी उतरली, नारळ आणि साडीची पिशवी घेऊन. तिच्यामागे इस्त्रीचा नवा शर्ट घातलेले एक गृहस्थ उतरले आणि दारातलं कुत्रं बघून पुन्हा आत बसले.

कुत्र्याला जाऊबाईंनी धरलं तेव्हा मंडळी वर आली. घरात ताटल्यांमध्ये पोहे तयार बघून म्हातारीचे डोळेच भरून आले.

"तयारी केलीत गो बाय!"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आमचे हे "स्कूटर बघून येतो" म्हणून उठले, पण या वेळी मी त्यांचा हात धरून ठेवला. मग दार उघडून कल्पनाताई बाहेर आल्या. शाळेतला वर्ग शांत करतात तशा त्या दाराशी नुसत्या उभ्या राहिल्या आणि सगळे गप्प झाले. म्हातारीने सगळा प्रकार सांगितला. वहिनी आल्या, चौकशी केली, पत्ता दिला.

"मला न विचारता?" कल्पनाताई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला खरंच रडू यायला लागलं, कारण हा विनोद तोपर्यंत कुणाच्या तरी अंगावर पडलाय हे मला कळलंच नव्हतं.

कल्पनाताई पाहुण्यांसमोर बसल्या.

"तुम्ही निवडणुकीला का उभे राहिलात?"

भोपी बिचकले. त्यांनी नानांकडे पाहिलं, मग आईकडे, मग पोह्यांकडे.

"नाना चक्कीवर आले. म्हणाले, उभा राहशील का? बारा महिने लोक येऊन एकच विचारतात, दळण झालं का. दुसरं काही कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून हो म्हटलं."

"मतं फोडण्यासाठी उभं केलं होतं तुम्हाला. माहीत होतं?"

"आज कळलं. एक गिऱ्हाईक बुवापाड्यातून आलं, त्यानं सांगितलं."

"तरी आमच्या घरी आलात?"

"आई निघाली होती," भोपी म्हणाले. "आणि तुमच्या दादांनी माझ्याबद्दल माइकवर जे सांगितलं, ते सगळं खरंच आहे. काकडीचं तेवढं राहिलं."

कल्पनाताई हसल्या. अशा हसल्या की आतून जाऊबाई झारा हातात घेऊन धावत आल्या. त्या घरात तो आवाज कुणी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

मग त्यांनी भावोजींना सगळ्यांसमोर भोपींची माफी मागायला लावली. नानांनाही. नाना सतरंजीसकट वाकले. आणि म्हातारीला म्हणाल्या, "उद्या शाळा सुटल्यावर मी चक्कीवर येते. बोलणं नंतर. चौकशी मी स्वतः करणार. आमच्या वहिनींची चौकशी आज सगळ्या अंबरनाथने ऐकली."

निकाल लागला. खरे भोपी दणक्यात निवडून आले. भावोजींची अनामत गेली. चक्कीवाल्या भोपींचीही गेली, पण त्यांना भावोजींपेक्षा जास्त मतं पडली, आणि ती बहुतेक बुवापाड्यातल्या बायकांची होती. भावोजी काही दिवस दुकानात मान न डोलावता बसले.

कल्पनाताई मात्र चक्कीवर गेल्या त्या जातच राहिल्या. गणिताची शिक्षिका आणि गिरणीवाला, दोघं तासन्‌तास काय बोलत होते देव जाणे. मी विचारलं नाही. (विचारलं. सांगितलं नाही.) लग्न कॅम्प पाचमध्येच झालं, साधं आणि छान.

पंगतीत माझ्या शेजारी एक बारीकसे, टक्कल पडलेले, चष्म्याचे, पण मिशा काळ्याभोर असलेले गृहस्थ येऊन बसले. ओळखीचे वाटेनात. मुलाकडचे असणार. मी जरा सरकून बसले.

"आपलं नाव?"

"पद्माकर भोपी."

मला असला खोटेपणा खपत नाही.

"अहो, काहीतरीच काय सांगता! ते तर तिकडे स्टेजवर उभे आहेत! माझ्यासमोर हे चालायचं नाही हं, त्यांची सगळी चौकशी मी स्वतः केलीय!"

गृहस्थ कसनुसे हसले. त्यांच्यामागे कंबरेला पिस्तूल लावलेला पोलीस जिलबी खात उभा होता. त्यालाही मी बजावलं, "आणि तुम्ही पाहुण्यांची पंगत झाल्यावर बसा."