दुमडलेलं बोट

मोगऱ्याचा वास आला की मला आमची गोराईची वाडी आठवते. मे महिना होता, मोगरा नुसता फुलला होता, पण कोवळे दुधी पिवळे पडून गळत होते. बाबा वेल उपटायलाच निघाले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, म्हटलं, "थांबा ना बाबा, मी बघते!" संध्याकाळी नरफुलं तोडून मादीफुलांवर हलकेच घासली. "फुलांची लग्नं लावतेय बया!" आई हसली. आठवड्याभरात एक दुधी चांगला वीतभर झाला. मी ओरडलेच, "बाबा, तो बघा!" त्यांनी झटकन माझं बोट दुमडलं. "सरळ बोट दाखवू नये गं, फळ कुजतं." मग शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी दुमडलेल्या बोटानं दुधी दाखवला, आणि तेच बोट, तसंच दुमडलेलं, माझ्याकडे वळवलं, "आणि ही आमची ग्रॅज्युएट!"