शेजारच्या सीटवरची बॅग

चैत्रात आमच्या फाट्यावर कडुनिंबाच्या मोहोराचा वास यायचा. रस्ता रुंद झाला, लिंब गेले, आणि आता सकाळी नाकात शिरतो तो जळक्या डिझेलचा धूर. एकामागून एक मोटारी गेवराईकडे धावतात. प्रत्येकीत एकच माणूस, काचा बंद. एवढं लोखंड पळवून नेतात काय, तर एक देह आणि एक डबा! गारवा त्यांचा, धूर, धूळ, उकाडा आमचा आणि रस्त्याकडेच्या मोसंबीचा. मला या लोकांचा मनापासून राग येतो, आणि राग गिळण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही.

त्यातली पांढरी मोटार माझ्या मित्राची. आम्ही एकाच कचेरीत. पूर्वी तो उमापूरला एस्टीत चढायचा आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवायचा. फाट्यापर्यंत गाडी खच्चून भरे, लोक कुरकुरत, पण रुमाल उचलायची कुणाची छाती नसे. आमच्याकडे टाकलेल्या रुमालाला बसलेल्या माणसाइतकाच मान. मी दारात दिसलो की तो ओरडायचा, "ये बे, जागा धरलीय!" मग गेवराईपर्यंत भांडणं, हसणं आणि त्याच्या डब्यातलं अर्धं धपाटं. मोटार घेतल्याचे त्याचे पेढे मी खाल्ले. मग एकेकानं गाडी घेतली आणि एस्टी रिकामी होत गेली. माझे डोळे अधू, मला गाडी चालवता येत नाही. माझी नोकरी त्या एस्टीवरच चालते.

आज फोन आला म्हणून तो फाट्यावर थांबला. मी काचेवर टकटक केली. शेजारच्या सीटवर त्याची बॅग होती, पट्टा लावलेली.

"बॅगेला पट्टा?"

"न्हाई लावला तर बेल वाजती बे. लई डोकं उठवती."

"ठेव की मागं. मी बसतो."

"आता कुठं काढत बसू? तुझी एस्टी येईलच की." काच वर गेली.

एस्टी आली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, सोमवारपासून ही फेरी बंद. मानसंच न्हाईत."

मी आमच्या जुन्या बाकावर बसलो. मागे-पुढे सगळी गाडी मोकळी होती. तरी खिशातला रुमाल काढून मी शेजारच्या जागेवर टाकला, आणि गेवराई येईपर्यंत तो उचलला नाही.